एकोणचाळीस भागिले आठ

भाच्याच्या पिकअपला नवे टायर लागले आणि गाडी मंदावली. तो अमेरिकेत ओहायो राज्यात, टोलेडो शहराच्या कडेला राहतो. गाडी त्याच शहरात बनलेली, जीप ग्लॅडिएटर रुबिकॉन. कारखान्यातून ती साधारण ३३ इंच उंचीच्या टायरवर बाहेर पडते. ह्याने ३७ इंची चढवले. पार्किंगमध्ये शेजारच्या गाड्या खुज्या दिसू लागल्या, तेवढं काम फत्ते झालं. पण हायवेवर जरासा चढ आला की गिअरबॉक्स आठव्यावरून सातव्यात यायचा, सातव्यावरून सहाव्यात, पुन्हा वर जायचा, पुन्हा खाली. ‘मामा, इंजिन बसलं की काय?’ भाच्याने विचारलं. इंजिन ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते गणित.

संपादकांना माझ्याकडून अमेरिकन गाडीवेडावर लेख हवा होता. ते वेड फार मोठं आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी दिसण्यापुरत्या आहेत. आपल्याकडे पिकअप म्हटलं की नारायणगावच्या टोमॅटोचे क्रेट डोळ्यांपुढे येतात. तिकडच्या कित्येक पिकअपच्या हौद्यात पावसाच्या पाण्याखेरीज काही पडत नाही. म्हणून मी दिसणाऱ्या गोष्टी सोडल्या आणि मागच्या एक्सलच्या पोटातल्या दोन दातेरी चाकांपाशी थांबलो. लोक टायरवर बोलतात. टायरचा खरा हिशेब तिथे होतो.

इंजिनाकडून आलेला शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो आणि चाकं फिरायला हवीत त्याच्या काटकोनात. हे वळण डिफरन्शियलच्या हौसिंगमध्ये मिळतं. शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन असतं, ते वीतभर व्यासाच्या क्राऊन व्हीलला फिरवतं. भाच्याच्या गाडीत हा रेशो ४.१० होता, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे ४.१ फेरे. मूळ टायर एका फेऱ्यात सुमारे २.६१ मीटर जात होता, नवा २.९५ मीटर जातो. तेरा टक्क्यांची ही वाढ म्हणजे तितकाच लांबलेला दांडा; जमिनीला तेवढाच रेटा द्यायचा तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. रेशो कागदावर ४.१० राहिला, पण गाडीच्या लेखी तो ३.६२ झाला.

ताशी ११० किलोमीटरला, आठव्या गिअरमध्ये, हे इंजिन पूर्वी मिनिटाला १,९३० फेऱ्यांच्या आसपास फिरत होतं. नव्या टायरवर ते १,७०० वर आलं. फेरे कमी तर पेट्रोल कमी, असं वाटणं साहजिक आहे. पण या ३.६ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क ४,४०० फेऱ्यांना मिळतो. खाली, सतराशेवर, त्याच्या अंगात फारसं काही नसतं. त्यात टायर जड, गाडी उंच आणि हवेचा विरोध वाढलेला. मग गिअरबॉक्स खालचा गिअर शोधत राहतो आणि पेट्रोल वाचण्याऐवजी जास्तच जळतं. शिवाय स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. काटा ६५ मैलांवर असताना गाडी ७३ च्या पुढे असते, आणि ओहायोच्या हायवे पोलिसांना ही सबब चालत नाही.

उपाय एकच, रेशो वाढवायचा. ४.१० ला तेरा टक्क्यांनी वाढवलं की ४.६४ येतात. पण ४.६४ चा गिअर बाजारात मिळत नाही. मिळतात ४.५६, ४.८८, ५.१३. हे आकडे इतके वेडेवाकडे का, हा प्रश्न मला गाडीपेक्षा जास्त छळत होता, आणि त्याचं उत्तर दातांमध्ये निघालं. ४.१० म्हणजे क्राऊनला एक्केचाळीस दाते आणि पिनियनला दहा. एक्केचाळीसला नऊने भागा, ४.५६. आठने भागा, ५.१३. अकराने भागा, ३.७३, जो आकडा अमेरिकेतल्या अर्ध्याअधिक पिकअपवाल्यांना तोंडपाठ असतो. ४.८८ म्हणजे एकोणचाळीस भागिले आठ.

सरळ चाळीस भागिले दहा का करत नाहीत? तसं केलं तर पिनियनचा एक दाता क्राऊनच्या त्याच चार दातांना जन्मभर भेटत राहील. एखाद्या दात्यावर कणभर उंचवटा असेल, तर तो त्या चौघांनाच खात राहील आणि झीज एकाच ठिकाणी साचेल. एकोणचाळीस आणि आठ यांना सामायिक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो, आणि पहिल्या जोडीची पुन्हा गाठ पडते ती पिनियनचे एकोणचाळीस फेरे झाल्यावरच. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. शाळेत लसावि शिकताना हे कोणी सांगितलं असतं, तर माझ्यासारख्या किती जणांचं गणित सुधारलं असतं!

आणखी एक योगायोग. दुसऱ्या महायुद्धात याच टोलेडोत साडेतीन लाखांहून जास्त विलिज जीप बनल्या. साठ अश्वशक्तीचं इंजिन, तीन गिअर आणि एक्सलमध्ये ४.८८. तेच एकोणचाळीस आणि आठ. त्या जीपचं मुलकी भावंड आपल्या महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत, माझगावला जोडायला घेतलं. त्यात रेशो आणखी खोल, ५.३८. तेव्हा टायर बेताचे होते आणि इंजिन अशक्त, म्हणून रेशो मोठा. आज इंजिनात जवळपास पाचपट ताकद आहे आणि भाचा पुन्हा ४.८८ वर आला, कारण त्याने टायर वाढवले. ४.५६ कमी पडेल आणि ५.१३ ने हायवेवर इंजिन ओरडेल, असं त्याच्या मेकॅनिकचं मत होतं. मला ते पटलं.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल फ्रेंच कारागीर ओनेसिफोर पेकर याने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी काढलं. तिरप्या दातांची चाकं यंत्रावर कापण्याची कला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने वाढवली. विल्यम ग्लीसन यांचं बेव्हल गिअर कापायचं यंत्र १८७४ चं. त्यांची मुलगी केट शाळकरी वयात कारखान्यात कामाला लागली, १८९३ मध्ये एकटी युरोपात जाऊन ही यंत्रं विकून आली आणि १९१४ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची पहिली पूर्ण सभासद स्त्री झाली. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा. याच कारखान्याने १९२० च्या दशकात हायपॉइड गिअर आणला, ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्यावर न बसता खाली सरकून बसतं. पॅकार्डने तो मोटारीत घातला, शाफ्ट खाली गेला आणि मोटारीची जमीन सपाट करता आली. मात्र खाली सरकल्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. म्हणून त्यांना गंधक-फॉस्फरसवालं ते उग्र तेल लागतं. हौसिंगचं झाकण एकदा उघडलेल्या माणसाच्या नाकातून तो वास दिवसभर जात नाही.

ग्लॅडिएटरचे एक्सल डॅना कंपनीचे. तिचं मुख्यालय टोलेडोला लागूनच, मॉमी गावात. जीपचा जुना कारखाना पाडला, त्या जागेवर आता डॅनाचा एक्सलचा कारखाना उभा आहे. पाडताना ‘ओव्हरलँड’ अशी अक्षरं असलेलं एक धुराडं तेवढं ठेवलं. भाच्याने मला ते मोठ्या अभिमानाने दाखवलं.

आता हे काम जिथे झालं ते गॅरेज. मालक साठीच्या घरातले, कामगार तेच, हिशेबनीसही तेच. दोन लिफ्ट, कोपऱ्यात प्रेस आणि भिंतीला लागून खणांचं कपाट. पहिला अर्धा दिवस नुसते बोल्ट काढण्यात गेला. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला खातं. झाकणाचे बोल्ट ऐकेनात. मग तेल काढलं, एक्सल शाफ्ट ओढले, क्राऊन ज्यावर बसवलेलं असतं तो कॅरिअर पहारीने उचकून बाहेर घेतला. नवी जोडी डब्यातून निघाली. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि दोन्हींवर एकच क्रमांक असतो. एका जोडीचं क्राऊन दुसऱ्या जोडीच्या पिनियनला चालत नाही.

खरं काम इथून सुरू होतं. पिनियन हौसिंगमध्ये किती आत बसावं, हे त्याच्या बेअरिंगलगत घातलेल्या पातळ चकत्यांवर, म्हणजे शिमवर ठरतं, आणि या शिम थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दोन-तीन थाउंनी चुकलं तरी गिअर आवाज देतो. शिम बदलायची तर प्रेसने बसवलेलं बेअरिंग पुलरने ओढून काढावं लागतं, आणि त्या ओढाओढीत ते खराब होण्याची भीती असते. त्यावरची मालकांची तोड त्या कपाटाच्या खणात होती. जुनी बेअरिंग त्यांनी आतून घासून सैल केलेली, हाताने बसणारी, हाताने निघणारी. आधी याच बेअरिंगवर सगळी जुळणी करायची आणि शिमचा आकडा नक्की झाला की मगच नवं बेअरिंग प्रेस करायचं. असे सेट त्यांनी एक्सलच्या जातीप्रमाणे लावून ठेवले होते. पाहुण्याला गॅरेज दाखवताना त्यांनी लिफ्ट दाखवली नाही, हा खण दाखवला.

मग रंग. क्राऊनच्या चार-पाच दातांना पिवळा रंग फासून ते पुढे-मागे फिरवतात. दाते जिथे घासले, तिथला रंग पुसला जातो आणि ठसा उमटतो. (आपल्याकडच्या जुन्या फिटरांनी यासाठी निळा प्रशियन ब्ल्यू वापरला, नाहीतर तेलात कालवलेला रेड लेड, रसायन म्हणून पाहिलं तर हा देवाचा शेंदूरच.) ठसा दात्याच्या मधोमध हवा. तो दात्याच्या मुळाशी उतरला तर पिनियन फार आत गेलंय, माथ्याकडे चढला तर फार बाहेर आहे. शिवाय दोन चाकांमधला प्ले सहा ते दहा थाउ, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते चौथा हिस्सा हवा. तो कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या शिमने ठरतो. प्ले बदलला की ठसा सरकतो आणि ठसा दुरुस्त केला की प्ले बदलतो. दर वेळी सगळं बाहेर काढायचं, शिम बदलायची, पुन्हा बसवायचं, पुन्हा रंग लावायचा. गाडी पळवतानाची बाजू आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरची बाजू, दोन्ही ठसे पटले पाहिजेत. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणारा घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. इथली चिकाटी त्याच जातीची. मालक मापाचा आकडा वहीत लिहीत होते, पण होकार ठशाकडे बघून देत होते.

आणि मग ते नळकांडं. या कामात मला खिळवून ठेवलं ते त्याने. पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मधे पातळ पोलादाचं, मधे फुगीर असं नळकांडं असतं. त्याला क्रश स्लीव्ह म्हणतात. शेवटचा नट आवळत गेलं की ते चेपत जातं आणि बेअरिंगवर हवा तेवढा ताण येतो. पण ते चेपायला सुरुवात होण्यासाठीच दोनशे फूट-पाउंडांहून जास्त जोर लागतो. तीन-चार फुटांची पाइप घालून दोन माणसं लोंबकळतात. आणि एवढा जोर लावून साधायचं काय, तर पिनियन हाताने फिरवताना जेमतेम वीस-पंचवीस इंच-पाउंडांचा अडथळा. म्हणजे लावलेल्या जोराचा शंभरावा हिस्सा! नट केसभर फिरवायचा, थांबायचं, मोजायचं. पुन्हा केसभर. एकदा पुढे गेलात तर मागे येता येत नाही. चेपलेलं नळकांडं पुन्हा फुगत नाही. ते फेकायचं, सगळं उघडायचं आणि नवं घालायचं. भाचा पाइपेला लटकला होता, मालकांचा एक हात नटावर आणि दुसरा पिनियनवर. तिथे बोलायची सोय नव्हती, मी गप्प उभा राहिलो. हल्ली घन पोलादाचे स्पेसर मिळतात, त्यात चेपण्याचा धोका नाही, शिमने जुळवता येतं. मालकांना ते माहीत होतं. गाडी रोजच्या वापराची असेल तर कारखान्याची रीत पुरते, एवढंच ते म्हणाले.

हे सगळं झाल्यावर पुढचा एक्सल. तिथेही तेच, पहिल्यापासून. फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर ट्रान्सफर केस पुढच्या-मागच्या शाफ्टना एकाच गतीने फिरवतो. मागे ४.८८ आणि पुढे ४.१० ठेवलं, तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेल. पैसे वाचवायला फक्त मागचा बदलणारे निघतातच. दोन्ही एक्सलचं सामान आणि मजुरी मिळून बिल अडीच हजार डॉलरच्या घरात गेलं. बिल पाहून भाच्याने टायरच्या बिलाशी त्याची तुलना केली आणि ती मला सांगितली नाही.

एवढं केल्यावर प्रश्न सुटला, असं लिहायला मला आवडलं असतं. ११० ला इंजिन आता २,०३० च्या आसपास फिरतं, गिअरबॉक्स शांत झाला आणि खडकांवर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये एकूण रेशो ७७ वरून ९२ च्या जवळ गेला. पण अडचणींची यादी तिथेच सुरू झाली.

सगळ्यात मोठी अडचण मूळ कल्पनेतच आहे. क्राऊनचा व्यास तोच ठेवून रेशो वाढवायचा, तर पिनियन लहान करावं लागतं. दहा दातांचं होतं, आठ दातांचं झालं. म्हणजे मोठ्या टायरने एक्सलवरचा भार वाढवला आणि त्यावर इलाज म्हणून आपण भार सोसणारं चाकच बारीक केलं. हायवेवर याने काही होत नाही. पण दगडात अडकलेलं ३७ इंची चाक, लॉक केलेलं डिफरन्शियल आणि घाईत दाबलेला ॲक्सिलरेटर हे एकत्र आलं, की पिनियनचे दाते जातात. जुनी पिकअप घेणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. डॅना ४४ या जुन्या, फार वापरलेल्या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर चालतो आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. पिनियन बारीक झालं की क्राऊनला त्याच्याकडे सरकून बसावं लागतं. हे न पाहता गिअर मागवला, तर दोन चाकं एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत.

मग नव्या दातांना रुळवायचं. पहिले पंधरा-वीस मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, असं दोन-चारदा. पाचशे मैल ट्रेलर ओढायचा नाही, नंतर तेल बदलायचं. पहिल्याच रविवारी बोट मागे लावून निघालेल्यांचे दाते निळे पडतात आणि ते निळेपण कोणत्याही तेलाने जात नाही. या गॅरेजात दुसरीकडे गिअर बदलून आलेल्या गाड्याही येतात, ओरडणाऱ्या. ॲक्सिलरेटरवर ओरडते की सोडल्यावर, कोणत्या वेगाला, हे विचारूनच मालक अंदाज बांधतात. पण एकदा चुकीचं रुळलेलं क्राऊन पुन्हा जुळवून शांत होत नाही. नवी जोडीच घालावी लागते.

पुढची अडचण संगणकाची. गाडीच्या मेंदूला अजून ४.१० आणि ३३ इंचच माहीत असतात. स्पीडोमीटर, गिअर बदलण्याची वेळ, घसरण रोखणारी यंत्रणा, सगळं त्या दोन आकड्यांवर चालतं. ते बदलायला वेगळं उपकरण लागतं आणि ते सहज लावता येत नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप चेरोकी इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, त्यानंतर कंपनीने २०१८ पासूनच्या गाड्यांत संगणकाच्या वाटेवर कुलूप बसवलं. चोरासाठी लावलेलं कुलूप मालकालाही आडवं येतं. आणि ब्रेक? गिअर बदलल्याने गाडी पळायला लागते, थांबायला नाही. मोठा, जड टायर थांबवायला ब्रेक मात्र जुनेच. याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ब्रेक पार्किंगमध्ये दिसत नाहीत.

कंपन्यांनी ही गरज ओळखली आहे. फोर्ड ब्रॉन्कोच्या सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये ३५ इंची टायरबरोबर ४.७ चा रेशो कारखान्यातूनच येतो. जीपच्याच रँग्लरच्या एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये ३५ इंची टायर आणि ४.५६. ग्राहकाच्या दृष्टीने हाच शहाणपणाचा रस्ता आहे. वॉरंटी शाबूत राहते, संगणक समजूतदार असतो. पण मग शिमचे खण लावून ठेवणाऱ्यांकडे काय काम येणार? मालकांच्या हाताखाली कोणी शिकत नव्हतं.

हे वाचून ज्यांना आपली थार आठवली असेल, त्यांच्यासाठी. क्राऊन-पिनियन बसवणारे हात आपल्याकडे आहेत. ट्रकच्या गॅरेजांत हे रोजचं काम आहे, आणि ही चाकं मुंब्र्याच्या भारत गिअर्समध्ये कित्येक वर्षं बनत आली आहेत. कायदा मात्र वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं आहे.

तेव्हा आधी आपल्या गाडीचा रेशो मोजून घ्या. त्याला बंदी नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, बाकी चाकांना ठोकळे, मागचं एक चाक जॅकवर. चाकाचे दोन पूर्ण फेरे करा (दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्याने क्राऊनच्या एका फेऱ्याला या चाकाचे दोन लागतात) आणि शाफ्टचे किती होतात ते खडूची खूण करून मोजा. चार आणि वर थोडं आलं तर ४.१०. मग टायरच्या दुकानात जायचं की नाही ते ठरवा. आणि जाणार असाल तर दोन्ही एक्सलच्या गिअरचे पैसे, ब्रेकचे पैसे आणि आरटीओचा विचार आधी करा. एवढं जमत नसेल तर कंपनीने दिलेले टायर ठेवा. ३३ इंचावर भाच्याची गाडी उत्तम चालत होती.